जांभळ्या लाइव्ह रॉकच्या नावाखाली रंगवलेलं सिमेंट

मरीन टँक, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवणाऱ्या प्रत्येकाला दगडांवर कोरलाइन या शैवालाचा तो जांभळा-गुलाबी थर हवा असतो. पांढरेफटक ड्राय रॉक, म्हणजे जीव नसलेले कोरडे दगड मांडून महिनोन्महिने वाट बघणाऱ्याची ही ओढ विकणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. ठाण्यातल्या एका विक्रेत्यानं मला नेमकं तिथेच गाठलं. माझी तक्रार अजून चालू असल्यामुळे त्याचं नाव इथे देत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण ती वापरणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

माल दोन प्रकारचा होता. ‘कोरलाइन चढलेला लाइव्ह रॉक’ (म्हणजे जिवंत शैवाल-जीव असलेला समुद्री दगड), ९०० रुपये किलो, आणि ‘कोरलाइनचं बी’ म्हणून जांभळ्या पाण्याची एक बाटली, १,८०० रुपयांना. दगड कुठून आणले हे मी घेण्याआधीच विचारलं होतं. प्रवाळ तोडलेलं नाही, परदेशात समुद्रात बुडवून वाढवलेले शेतीतले दगड आहेत, कागदपत्रं आहेत, असं त्यानं सांगितलं. दगड थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आले. खरा लाइव्ह रॉक असाच येतो, हे त्याला माहीत होतं. कागदपत्रं ‘उद्या पाठवतो’ म्हणाला, ती आलीच नाहीत.

या धंद्याची खरी मेख आहे ती कोरलाइनच्या संथपणात. कोरलाइन हे लाल शैवाल. पाण्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट घेऊन ते स्वतःच्या पेशीभित्तीत चुनखडी साठवतं. नव्या टँकमध्ये पहिले ठिपके दिसायलाच कित्येक आठवडे, कधी महिने जातात. एवढ्या काळात पैसे विकणाऱ्याच्या खिशात मुरलेले असतात आणि दोष सरळ तुमच्या पाण्यावर टाकता येतो. “मॅडम, तुमचं कॅल्शियम कमी आहे.” मग कॅल्शियमची बाटली. “अल्कलिनिटी चढत नाहीये.” मग बफर, म्हणजे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) वाढवणारं रसायन. “मॅग्नेशियम बघितलं का?” आणखी एक बाटली. त्याच्या दुकानातल्या पाणी तपासायच्या किटवर माझं कॅल्शियम ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) दाखवत होतं. दुसऱ्या कंपनीचं ताजं किट आणून मोजलं तर कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३२० निघालं. अल्कलिनिटीही ८.५ डीकेएच (तिचं माप) होती. कोरलाइनला लागतं ते हेच: कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी ८ ते ११, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, आणि फॉस्फेट अगदी कमी, कारण फॉस्फेट वाढलं की चुनखडी बसणं अडतं. पाणी ठीक होतं. खोटा माल होता.

उघडकीस आलं ते टर्बो स्नेल, म्हणजे टँकमधल्या समुद्री गोगलगायी, मेल्यामुळे. पीएच ८.८ वर गेला होता, आणि ज्या टँकमध्ये तोवर काहीही बिघडलं नव्हतं तिथे एकामागून एक गोगलगायी काचेवरून गळून पडत होत्या. दगड बाहेर काढून टूथब्रशनं घासला तर ब्रश जांभळा. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून फिरवला तर कापूस जांभळा. आत करडं सिमेंट. कच्च्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पीएच चढवतो; असे दगड आठवडेच्या आठवडे साध्या पाण्यात, पाणी बदलत, भिजवून ठेवावे लागतात. त्या मुक्या जिवांचा हकनाक बळी गेला, याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

दगड घेण्याआधी त्याचा जांभळा कपचा मागा आणि तो उन्हात वाळत ठेवा. कोरलाइन मेली की रंग उडून पांढरी पडते, वरून फासलेला रंग मात्र तसाच राहतो. थर खरवडून व्हिनेगरमध्ये टाका. खरी कोरलाइन चुनखडीची असल्यामुळे फसफसते. दुकानाच्या फळीवर कोरडा पडूनही जो दगड गडद जांभळा दिसतो, त्यावर जिवंत कोरलाइन असूच शकत नाही. कोपऱ्याकोपऱ्यात, तळालासुद्धा एकसारखा रंग असेल तरी संशय घ्या. खरा थर तुकड्यातुकड्यांनी, कुठे गुलाबी, कुठे गर्द, कुठे पांढरट असा असतो. बाटली तासभर हलवू नका. खरवडलेली कोरलाइन असेल तर कण तळाशी बसतात. माझ्या बाटलीत तळाशी काहीच नव्हतं, नुसतं रंगीत पाणी.

पैसे परत मागितले तेव्हा त्याची भाषाच बदलली. आता म्हणे दगड रामेश्वरमचे होते, अस्सल प्रवाळाचे, आणि “प्रवाळ घरात ठेवणं गुन्हा आहे मॅडम, तक्रार केलीत तर आधी तुमच्याच दारात येतील.” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारी सगळी प्रवाळं आहेत, ही गोष्ट खरी. म्हणूनच लोक गप्प बसतात आणि हा धंदा चालतो. पण माझ्या हातात सिमेंटचा तुकडा होता. सिमेंट कुठल्याही अनुसूचीत नाही, हे मी त्याला तसंच सुनावलं.

सध्या माझ्या टँकमध्ये जी कोरलाइन वाढते आहे ती फुकट मिळालेली. डोंबिवलीच्या एका जुन्या शौकीन काकांनी त्यांच्या टँकच्या मागच्या काचेवरची खरवड आणि पाठीवर गुलाबी ठिपके असलेली एक टर्बो स्नेल दिली. खरवड पॉवरहेडच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात सोडली, काही तास स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवला आणि फिल्टरचा कापूस काढून ठेवला. पहिले ठिपके पॉवरहेडच्या प्लास्टिकवर आले, दगडांवर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

तुमच्याही बाबतीत असं झालं असेल तर दगड फेकून देऊ नका, तो पुरावा आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. मी तक्रार नोंदवल्यावर ‘कोरलाइनचं बी’ त्याच्या यादीतून गेलं. दगड मात्र तो अजूनही विकतो आहे, आता १,१०० रुपये किलोनं.