९४.१ एफएम, फिलाडेल्फिया : काळजीच्या दिवसांतली सोबत

गाडीतल्या रेडिओचं पहिलं बटण मी २०१३ पासून ९४.१ ला लावून ठेवलंय. डब्ल्यूआयपी हे फिलाडेल्फियाचं खेळाचं स्टेशन. शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, ईगल्सचे, सामने इथे ऐकायचे आणि उरलेला आठवडा लोक फोन करकरून त्याच सामन्यांवर काय बोलतात ते ऐकायचं. किंग ऑफ प्रशियाहून शहरात जाताना स्कूकिल एक्सप्रेसवेवर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा मला गाणी नको असतात. हे हवं असतं.

या स्टेशनची खरी किंमत मला डिसेंबर २०१७ मध्ये कळली. १० तारखेला लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध खेळताना आपल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या कार्सन वेन्ट्झचा, गुडघा गेला. त्या मोसमात त्याचे ३३ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, झाले होते. सामना आपण ४३-३५ असा जिंकला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ लावला तर घरात कुणी आजारी पडल्यासारखे आवाज. सगळ्यांचा प्रश्न एकच : त्याच्या जागी येणाऱ्या बॅकअप निक फोल्सला झेपेल का? एकजण ट्रकमधून बोलत होता, मागे वायपरचा खर्र-खर्र आवाज येत होता. म्हणाला, वडिलांबरोबर पन्नास वर्षं हा संघ बघतोय, एवढ्या जवळ येऊन असं नको व्हायला. मला गाडी चालवता चालवता भरून आलं.

ती भीती उगाच नव्हती. आठवड्याच्या सरावात बहुतेक सगळे पास पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. बॅकअप पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देत असतो. कोणता रिसीव्हर (पास झेलणारा) कोणत्या पावलावर वळतो, सेंटरने मागे दिलेला चेंडू हातात कसा येतो, हे डावांची वही वाचून येत नाही. फोल्सने २०१३ मध्ये ईगल्सकडूनच २७ टचडाउन पास दिले होते आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास, फक्त २. पण मधल्या काळात रॅम्सने त्याला सोडलं आणि तो खेळच सोडायच्या विचारात होता. दुसरीकडे मला एक आधार वाटायचा : मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन स्वतः क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा बॅकअप होता आणि आक्रमण सांभाळणाऱ्या फ्रँक राइकने बॅकअप म्हणून उतरून जानेवारी १९९३ मध्ये बफेलोच्या संघाला ३२ गुणांच्या पिछाडीवरून जिंकून दिलं होतं. बाकावर बसण्याचं दुखणं या दोघांना माहीत होतं.

नाताळच्या रात्री रेडर्सविरुद्ध फोल्सचे ३८ पैकी १९ पास पोचले. ३१ डिसेंबरला काउबॉइजविरुद्ध तो थोडाच वेळ खेळला : ११ पैकी ४ पास, ३९ यार्ड, आणि सामना ०-६ असा हरलो. त्या आठवड्यात फोन करणाऱ्यांचे आवाज बसलेले होते. हे स्टेशन खोटा धीर देत नाही, म्हणून मला आवडतं. कुणी रडकुंडीला आलं तरी त्याला बोलू देतात. शांत विश्लेषण हवं असेल त्यांनी मात्र दुसरं काही ऐकावं, इथे आरडाओरडा भरपूर.

सामन्याच्या दिवशीची गोष्ट वेगळी. मेरिल रीस १९७७ पासून ईगल्सचं समालोचन करतात, सोबतीला माइक क्विक, जुना रिसीव्हर. कितवा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या रेषेवर आहे, हे डोळे मिटूनही दिसतं. त्या हिवाळ्यात माझे बाबा साताऱ्याहून आले होते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेट ऐकून ते मोठे झाले. फुटबॉलचे नियम त्यांना कळत नव्हते, तरी दुसऱ्याच सामन्यात म्हणाले, "या माणसाला मैदान पाठ आहे." यापुढे मी काय शिफारस करणार!

एक अडचण आहे आणि ती रेडिओची नाही. मी टीव्हीचा आवाज बंद करून रीस लावते, पण आमच्या घरचं टीव्हीचं स्ट्रीमिंग चांगलंच मागे राहायचं. केबल असेल तर हा त्रास कमी, नाहीतर रेडिओवर गोष्ट घडून जाते आणि पडद्यावर खेळाडू अजून उभेच असतात.

बाद फेरीत फाल्कन्सना १५-१० असं कसंबसं हरवलं. व्हायकिंग्जविरुद्ध फोल्सने ३५२ यार्ड काढले, ३८-७. आणि मग ४ फेब्रुवारी २०१८, पेट्रियट्सविरुद्ध सुपर बोल, मोसमाचा अंतिम सामना. पहिला अर्ध संपायला ३८ सेकंद, चौथा डाउन, गोलरेषा एक यार्डावर. रेडिओवर एरवी पास झेलणाऱ्या ट्रे बर्टनने चेंडू फेकला आणि तो झेलला फोल्सने, क्वार्टरबॅकने! मी किंचाळले. पडद्यावर फोल्स अजून आपल्या लाइनमागे चालत होता. मी बाबांना सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"थांब गं," म्हणाले, "चित्र येऊ दे."