इलेक्ट्रिक विंडलस: 18 महिने वापरल्यावर आणि तीनदा दुरुस्त केल्यावर

आमच्या 10 मीटरच्या शिडाच्या बोटीवर हा विंडलस, म्हणजे नांगराची साखळी वर ओढणारं आणि खाली सोडणारं यंत्र, बसवून 18 महिने झाले. मोटर 12 व्होल्टची, 1000 वॅटची, डेकच्या खाली. वर दिसतं ते फक्त साखळी पकडणारं खाचांचं चाक, ज्याला सगळे जिप्सी म्हणतात. साखळी 8 मिलिमीटरची, 60 मीटर, नांगर 20 किलोचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या कुठल्याही यंत्राला लागू पडतं. यंत्र दणकट आहे. आम्हाला जो त्रास झाला तो त्याच्यापर्यंत वीज नेणाऱ्या जोडांमुळे आणि आत शिरलेल्या पाण्यामुळे झाला.

पहिले आठ महिने तक्रारीला जागाच नव्हती. दादा सुकाणूवर, मी पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला. पायाने बटण दाबलं की 30 मीटर साखळी पावणेदोन मिनिटांत आत. 8 मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला साधारण 1.4 किलो भरतं. म्हणजे 12 मीटर पाण्यात नांगर तळातून सुटला की साखळी आणि नांगर मिळून 35 किलोंच्या पुढे ओझं लटकत असतं. हाताने ओढणाऱ्याला हा हिशोब पाठीत कळतो.

नवव्या महिन्यात तो मंदावला. पावणेदोन मिनिटांची अडीच झाली आणि नांगर तळातून सुटायच्या वेळी तर मोटर गुरगुरून थांबायचीच. आम्हाला वाटलं बॅटरी दमली. नवीन बॅटरी घातली. फरक शून्य. मग वाटलं मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले असतील. ब्रश काढून बघितले तर निम्म्याहून जास्त शिल्लक होते. दरम्यान मी मल्टीमीटर लावून कंट्रोल बॉक्सला (मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेंची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचांची पेटी) येणाऱ्या केबलवर व्होल्टेज पाहिलं होतं: 12.6. सगळं ठीक! आमची खरी चूक इथे झाली, आणि ही चूक बरेच जण करतात म्हणून सविस्तर लिहिते.

मोटर बंद असताना घेतलेलं माप काहीच सांगत नाही. वायरीतून करंट वाहत नसेल तर जोड कितीही सडलेला असला तरी त्याच्यावर व्होल्टेज पडत नाही, आणि मीटर दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवतो. ओहममध्ये मोजूनही उपयोग नाही. आमच्या खराब जोडाचा रोध 0.02 ओहम निघाला. साध्या मल्टीमीटरच्या दोन प्रोबच्या वायरींचाच रोध त्याच्या दसपट असतो. माप घ्यायचं ते नांगर वर येत असताना, मोटर ओझ्याखाली असताना.

तसं मोजलं. इंजिन चालू, दादाने बटणावर पाय ठेवला, मी मीटर घेऊन खाली. बॅटरीवर 12.9 व्होल्ट, मोटरवर 8.8. मधल्या मध्ये 4.1 व्होल्ट गायब. मग एकेक तुकडा घेतला: मीटरचा एक प्रोब तुकड्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पॉझिटिव्हच्या बाजूला केबल, ब्रेकर आणि कंट्रोल बॉक्स मिळून 1.3 व्होल्ट जात होते. निगेटिव्हच्या बाजूला मात्र 2.8, आणि त्यातले 2.2 एकाच लगमध्ये. केबलच्या टोकाला बोल्टखाली बसणारा तो तांब्याचा तुकडा, बोटभर लांबीचा.

करंट तेव्हा 110 अँपिअर होता. (डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, फक्त एसीवाला इथे कामाचा नाही.) 2.2 गुणिले 110 म्हणजे जवळपास 240 वॅट उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यात. नांगर तळातून सुटताना करंट 180 पर्यंत जातो, तेव्हा तोच जोड साडेतीन व्होल्ट खातो. म्हणूनच नेमकी गरज असायची त्या क्षणी मोटर थांबायची. कायम चुंबकाच्या मोटरीत करंट ओझ्यावर ठरतो आणि वेग व्होल्टेजवर. त्यामुळे व्होल्टेज कमी पडलं की मोटर तेवढाच करंट जास्त वेळ घेते, आणि जास्त तापते. मोटर जळाली असं म्हणतात त्यातल्या कितीतरी मोटरी अशा लगांनी जाळलेल्या असणार, असं माझं मत झालंय.

लग सोडवला. वरची काळी स्लीव्ह तपकिरी पडून करकरीत झाली होती. ती कापली तर आतलं तांबं काळंहिरवं, कळंक चढलेलं, आणि थोडं खेचताच अर्ध्या तारा बाहेर आल्या. बसवून देणाऱ्या मिस्त्रीने लग नीट क्रिम्प न करता (म्हणजे खास अवजाराने तारांवर घट्ट न दाबता) हातोडीने चेपला होता, आणि केबलही कल्हई नसलेल्या साध्या तांब्याची होती. वातीत तेल चढावं तसं खारं पाणी तारांमधल्या फटींतून आत चढत गेलं. केबल मागे कापत गेले तेव्हा 15 सेंटिमीटरनंतर स्वच्छ तांबं लागलं. एवढी तूट भरायला जागा नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंच्या केबल बदलल्या: 35 चौरस मिलिमीटर, कल्हई केलेल्या तारांची, लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले, वरून आत गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हिट श्रिंक स्लीव्ह. केबलचा हिशोब करताना जायची आणि यायची, दोन्ही लांबी धरायची. आमच्याकडे 10 अधिक 10 मीटर. 35 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये 110 अँपिअरला एकूण 1.1 व्होल्ट जातो. 16 ची केबल टाकली असती तर त्याच्या दुप्पटीहून जास्त गेला असता, तोही सगळे जोड नवे असताना.

मोटरवर 11 व्होल्ट मिळाले. पहिल्यांदा बटण दाबल्यावर जिप्सीचा आवाजच बदललेला ऐकला आणि दादा मागून ओरडला, "अगं, हा तर नव्यासारखा चालतोय!"

तेराव्या महिन्यात दुसरं प्रकरण. वर घेताना व्यवस्थित, खाली सोडताना फक्त 'टक्' आणि पुढे काही नाही. टक् ऐकू येतो म्हणजे बटण, बारीक वायरी आणि रिलेची कॉइल ठीक. एकच दिशा बंद म्हणजे मोटर आणि जाड केबलही ठीक. उरतात त्या दिशेचे मोठे संपर्कबिंदू. ते जळून खड्डे पडले होते. कंट्रोल बॉक्स बदलला, आणि नवा साखळीच्या कप्प्यात न लावता भिंतीपलीकडे केबिनच्या कोरड्या बाजूला लावला. ओली साखळी जिथे पडते तिथे हा बॉक्स लावायची सूचना माहितीपुस्तकात का आहे, हे मला अजून पटलेलं नाही. या यंत्राबद्दल माझी सर्वांत मोठी नाराजी हीच.

पंधराव्या महिन्यात गिअरबॉक्सखाली तेलाचे थेंब दिसले. तेल काढलं तर पातळ ताकासारखं. तेल पांढुरकं झालं की पाणी शिरलंय हे नक्की समजावं. जिप्सीखाली प्रत्येक वेळी खारं पाणी साचतं आणि त्याच्या व गिअरच्या मध्ये उभा असतो तो रबरी ऑइल सील. त्याची कड मिठाने आणि वाळूने खाल्ली होती. पाणी अजून खाली मोटरपर्यंत पोचायला लागलं होतं: ब्रशच्या कार्बनची भुकटी ओली होऊन काळा चिखल झाला होता आणि एक ब्रश त्याच्या खोबणीत अडकत होता. साफ करून, कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) बारीक पॉलिश पेपर फिरवून, नवे सील आणि नवं तेल घातलं. शाफ्टवर जुन्या सीलने रेघ पाडली होती, म्हणून नवा सील दोन मिलिमीटर वर बसवला, म्हणजे त्याची कड गुळगुळीत भागावर टेकते.

यात सर्वांत जास्त वेळ गेला तो बोल्टांनी खाल्ला. ॲल्युमिनियमच्या खोक्यात स्टेनलेसचे बोल्ट, मध्ये खारं पाणी. ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन ते जाम झाले होते. दोन दिवस तेल मुरवलं, हीट गनने तापवलं, तेव्हा सुटले. परत लावताना प्रत्येक आट्यावर गंजरोधक पेस्ट लावली. विंडलस नवा असेल तर हे पहिल्याच दिवशी करा, पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतील.

हात घालण्याआधी साखळी वेगळ्या हुकाने डेकवर अडकवा आणि मेन ब्रेकर बंद करा. जिप्सीला पकडून ठेवणारा क्लच सैल होऊन साखळी सुटली तर बोटं वाचत नाहीत.

वापरायची सवयही आम्ही बदलली. आधी विंडलसनेच बोट नांगराकडे ओढायचो. आता दादा इंजिनवर हळू पुढे घेतो, मी हात करून दिशा दाखवते, आणि यंत्र फक्त सैल साखळी गोळा करतं. नांगर रुतलेला असेल तर साखळी हुकावर अडकवून इंजिननेच उपटायचा. रात्री मुक्कामाला असतानाही ताण विंडलसवर ठेवत नाही, लवचीक दोर लावून खुंट्यावर घेतो.

परत घ्यायचा झाला तर हाच घेईन, पण कंट्रोल बॉक्स कोरड्या जागी आणि केबल माझ्या देखरेखीखाली. गेल्या आठवड्यात ओझ्याखाली पुन्हा मोजलं: मोटरवर 10.9 व्होल्ट, 30 मीटर साखळी पावणेदोन मिनिटांत, आणि लगाला हात लावला तर जेमतेम कोमट.