राजदूत 350 चे पुढचे शॉकअप: आठ महिने आणि एक पावसाळा

माझी आरडी, म्हणजे राजदूत 350, 1986 ची. एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या परवान्यावर 1983 पासून काढलेली ही गाडी. जपानी मॉडेलला पुढं डिस्क होती, आपल्याकडं ड्रम आला, म्हणून सगळे ब्रेकच्या नावानं ओरडतात. मीही पंधरा वर्षं तेच करत होतो. पण पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणावर ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसायचं, शॉकअप तळाला आपटायचे आणि पुढचं चाक खड्ड्यावरून उडायचं. जमिनीला न टेकलेल्या चाकाला ब्रेक कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

आधी मी जाड ऑइल घालून बघितलं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मामांनी, वीस वर्षं माझी गाडी तेच बघतात, तेव्हाच सांगितलं होतं, "जाड तेलानं काय हुतंय? सावकाश जाताना बरं वाटतंय, खड्ड्यात नुसता दगड हुतोय." खरंच तसं झालं. जुन्या शॉकअपमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं. चाक हळू हलतं तेव्हा रोध जवळजवळ नसतोच. दणका जोरात बसला की तेवढ्याच भोकातून तेल निघत नाही आणि धक्का थेट मनगटाला येतो. तेल जाड केलं की दणक्याचा त्रास आणखी वाढतो.

जानेवारीत शॉकअप खोलले. तेल राखाडी, ट्रेमध्ये बोट फिरवलं तर धातूची चमचम बोटाला लागली. दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या तर एक दुसरीपेक्षा 6 मिमी आखूड. शॉकअपच्या पाइपांवर, तेल अडवणारं रबरी सील बसतं त्या पट्ट्यात गंजाचे टिचभर खड्डे होते, त्यामुळं नवं सील टिकणारच नव्हतं. ते पाइप हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घेतले. आपल्या गावात फौंड्री आणि लेथ आहेत म्हणून हे काम चार दिवसांत झालं, नाहीतर पाइप कुठं पाठवत बसलो असतो!

मग सारख्याच कडकपणाच्या नव्या स्प्रिंगा आणि त्यांच्याखाली कार्ट्रिज इम्युलेटर. ही छोटी व्हॉल्व्ह डॅम्पर रॉडच्या, म्हणजे शॉकअपमधल्या त्या भोकांच्या दांडीच्या, डोक्यावर बसते. हळू हालचालीला तेल बारीक छिद्रातून जातं, दणका आला की व्हॉल्व्हची स्प्रिंग दबून मोठी वाट उघडते. त्यासाठी रॉडची दाबाकडची भोकं मोठी करावी लागतात, आणि तिथून माघार नाही, रॉड मूळचा राहत नाही. मी म्हणून जुने रॉड शोधून त्यांना भोकं पाडली, गाडीचे अस्सल रॉड कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेत. कायद्यानं व्हिंटेज म्हणवून घ्यायला 50 वर्षं लागतात, तोवर गाडी बाहेरून जशीच्या तशी राहिली पाहिजे.

सोबत हँडल ज्यावर फिरतं ते बॉल रेसर काढून टेपर रोलर बेअरिंग घातले. पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं की मधोमध अडकल्यासारखं व्हायचं. ते गेलं नसतं तर बाकी सगळं फुकट होतं. हे काम आधी करा.

बसवल्यावर खरी मेहनत सुरू झाली. पाइपला झिप टाय बांधून मी बसल्यावर गाडी किती दबते ते मोजलं. आधी 55 मिमी, आता 35 वर आणलं, त्यासाठी स्प्रिंगवर बसणारा पीव्हीसीचा तुकडा, म्हणजे स्पेसर, दोनदा करवतीनं कापला. तेलही मिलीनं मोजलं नाही. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, आणि तेलाची पातळी वरच्या काठापासून 140 मिमी खाली, तेल 15 डब्ल्यू जाडीचं. पहिला महिना रंकाळ्याच्या कडेच्या बारीक खड्ड्यांवर हात बधिर व्हायचे. व्हॉल्व्हची स्प्रिंग तीन फेरे कसली होती. दोनवर आणली तेव्हा सुटलं.

आता गगनबावड्याच्या रस्त्यावर कळ्याच्या पुढं, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या पट्ट्यातही हँडल हातात शांत राहतं. ब्रेक दाबला की नाक जातं, पण सावकाश, आणि वळणात शिरताना चाक कुठं आहे ते कळतं. तोच ड्रम आता जास्त धरतो असं वाटतं.

तक्रार एकच. एका दुकानातून घेतलेली सीलं जुलैत, दोनदा पावसात भिजल्यावरच पाझरायला लागली. पुन्हा सगळं खोललं, डबल लिपची चांगली सीलं घातली, वर रबरी बूट चढवले. सीलमध्ये पैसे वाचवू नका. एकूण खर्च 26 हजारांच्या आसपास, निम्म्याहून जास्त इम्युलेटरचाच, बाहेरून मागवल्यामुळं. एवढं जमत नसेल तर स्प्रिंगा, ताजं तेल आणि टेपर रोलर एवढं करा. माझ्या मते निम्म्याहून अधिक फरक तिथंच पडतो.

पुढचं सुधारल्यावर मागचे शॉकअप किती थकलेत ते आता प्रत्येक स्पीड ब्रेकरला कळतं. गेल्या आठवड्यात तेल बदललं, मधासारखं स्वच्छ निघालं, बोटाला चमक लागली नाही.