लिनिया टी-जेटचे नवे टायर : एक पावसाळा आणि दहा हजार किलोमीटरनंतर

माझ्या फियाट लिनिया टी-जेटचं (लिनिया सेडानचं टर्बो पेट्रोल मॉडेल) पासिंग 2011 चं. येत्या जूनमध्ये तिला पंधरा वर्षं होतील आणि आरटीओत रिन्यूअलसाठी उभी करावी लागेल. विकायला काढली तर दोन लाख म्हणजे डोक्यावरून पाणी. अशा गाडीच्या टायरवर किती पैसे घालायचे, हा विषय गेल्या मे महिन्यात घरात निघाला तेव्हा बायकोने एका शब्दात निकाल दिला : "शून्य."

तिचं चूक नव्हतं. जुन्या टायरवर नक्षी अजून चार मिलीमीटर शिल्लक होती. कायद्याची मर्यादा 1.6 ची. बघणाऱ्याला टायर धडधाकट वाटायचे. पण साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा, तारखेचा आकडा होता 2117, म्हणजे 2017 सालचा एकविसावा आठवडा. आठ वर्षांत गाडी जेमतेम अडतीस हजार चालली, त्यात कोविडची दोन वर्षं पार्किंगमध्ये उन्हात. रबरात नख रुतवून बघितलं तर रुतेना. टायर झिजले नव्हते, वाळले होते.

ते कळलं कुंभार्ली घाटात. आम्ही कराडचे, बाबा चिपळूणला एकटे राहतात, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा पाटण-कोयनानगर-पोफळी ही वारी ठरलेली. 2024 च्या जुलैत चिपळूणहून चढताना एका हेअरपिन वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये नेहमीसारखा पाय दाबला. टी-जेटचं 1.4 लिटरचं इंजिन खालच्या आरपीएमला निवांत असतं आणि दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो भरला की 207 न्यूटन-मीटरचा जोर एकदम पुढच्या दोन चाकांवर येऊन पडतो. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, चाकं जागच्या जागी फिरली आणि नाक सरळ कठड्याकडे निघालं. वेग असेल पंचवीस. काही झालं नाही, पण शेजारी बसलेले बाबा त्यानंतर पाटण येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तो पावसाळा मग म्हशीच्या चालीने काढला.

टी-जेटचा साइज 205/55 आर16 : रुंदी 205 मिलीमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम सोळा इंची. जुन्या गाडीचा टायर बदलताना निम्मी डोकेदुखी साइज मिळण्याची असते, इथे मात्र नशीब चांगलं. हाच साइज आजच्या स्कोडा स्लाविया आणि फोक्सवॅगन व्हर्टसला लागतो, त्यामुळे माल ताजा, कंपन्या भरपूर आणि भावात स्पर्धा. गाडीच्या लोअर आर्मचा (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा) साधा रबरी बुश मिळायला मारामार आणि टायर मात्र कुठल्याही दुकानात हजर, असा उलटा प्रकार.

दुकानदाराचा सल्ला वेगळा होता. "साहेब, 225/50 टाका, गाडी रस्त्याला चिकटून बसंल." हिशेब केला तर बाहेरचा व्यास जवळपास सारखाच येतो, 632 च्या जागी 631 मिलीमीटर, म्हणजे स्पीडोमीटर बिघडणार नाही. पण रुंद टायर उभ्या पाण्यावर लवकर तरंगतो. 225 ला पर्याय मोजके, भाव चढा आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग पार्किंग करताना आणखी जड. नको म्हटलं. सतरा इंची रिमचा मोहही एका मित्राने घालून बघितला. 215/45 आर17 घेतला तर साइडवॉल 113 वरून 97 मिलीमीटरवर येते. कराड-पाटण रस्त्यावर ऊस वाहतुकीच्या दिवसांत गाडी चालवलेला माणूस हे सोळा मिलीमीटर फुकट देणार नाही.

मग उरला खरा प्रश्न, कुठल्या जातीचा टायर. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट 4 या साइजमध्ये येतो आणि मन तिथेच अडकलं होतं. पण मला मिळालेल्या भावात चार टायर म्हणजे गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा. दुसऱ्या टोकाला मायलेज देणारे कडक टायर. साठ हजार चालतील, पण माझी गाडी तेवढी चालणारच नाही, त्याआधी पुन्हा वाळतील. आता वर्षाला दहा-बारा हजार चालणाऱ्या गाडीला टिकाऊपणासाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे घरात दोन माणसं असताना पोतंभर तांदूळ भरण्यासारखं. मला ओल्या रस्त्यावर पकड हवी होती आणि चार वर्षांत खरोखर संपणारं रबर हवं होतं. म्हणून मधला गट पकडला : असिमेट्रिक (आत-बाहेर वेगळी) नक्षी, पाणी बाहेर फेकायला चार उभ्या चरा, 91V रेटिंग. 91 म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 615 किलो भार आणि V म्हणजे जास्तीत जास्त ताशी 240 किलोमीटर. एवढा वेग मी आयुष्यात गाठणार नाही. पण V रेटिंगच्या टायरची बांधणी साधारणपणे जास्त आवळलेली असते आणि वळणावर ती कळते. साइडवॉलवर ट्रेडवेअर (झिजेचा आकडा) 340 छापलंय. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ, असा ढोबळ अर्थ. पण ही चाचणी प्रत्येक कंपनी आपापली करते, त्यामुळे एका कंपनीचा 340 आणि दुसरीचा 340 एका तराजूत घालू नका.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या गटात चार-पाच कंपन्यांचा माल उन्नीस-बीस आहे, मॉडेलची नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि माझ्या एका सेटवरून कुणाला डोक्यावर घेण्यात किंवा आपटण्यात अर्थ नाही.

खरेदीत दोन गोष्टी घडल्या. पहिल्या दुकानात मस्त भाव मिळाला, पण टायर उजेडात नेऊन बघितला तर आकडा 4022. अडीच वर्षं गोदामात पडलेला माल. मी कुरकुर केल्यावर दुकानदार म्हणाला, "टायर काय भाजी आहे का साहेब, शिळी व्हायला?" सावलीत नीट ठेवलेला टायर अडीच वर्षांत बाद होत नाही, हे मलाही मान्य. पण माझं सगळं गणितच वर्षांचं होतं, किलोमीटरचं नव्हतं. दुसरीकडे नगाला चारशे जास्त देऊन 0825 चे चार घेतले. नग 7,900, म्हणजे चारचे 31,600. व्हॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून 1,800 वेगळे.

त्याआधी आमच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेऊन मला खाली बोलावलं होतं. जुने पुढचे टायर आतल्या कडेने जास्त खाल्ले होते. त्यांनी टॉमी लावून लोअर आर्म हलवून दाखवला, बुशचं रबर फाटून लोंबत होतं. "हे असंच ठेवून नवे टायर टाकलेत तर तेही असेच खाणार. मग मला बोलू नका." पुण्याहून बुश यायला बारा दिवस लागले, सगळं मिळून साडेसहा हजार. खरं सांगायचं तर गाडी आज सरळ आणि घट्ट वाटते त्यातलं निदान निम्मं श्रेय या साडेसहा हजारांचं आहे. टायरचं कौतुक करताना लोक हे सोयीस्कर विसरतात.

टायर बसले 24 मे रोजी. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला बुळबुळीत थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवायचे असतात. पण 2025 चा पाऊस आठवत असेल, 26 मे रोजी मान्सून मुंबईत हजर. आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच कोसळत होता. त्यामुळे रन-इन जे काय झालं ते धो-धो पावसात, चाळीसच्या वेगात.

तिसऱ्या दिवशी पाटणला चहासाठी थांबलो आणि कपातला शेवटचा घोट घेताना नजर मागच्या डाव्या चाकावर गेली. बाकी तिन्ही टायरवर 'आउटसाइड' लिहिलेलं दिसत होतं, याच्यावर 'इनसाइड'. उलटा बसवला होता! असिमेट्रिक टायरची बाहेरची बाजू वळणाचा जोर झेलायला भरीव असते आणि आतली पाणी काढायला चिरलेली. उलटा बसवला की दोन्ही गोष्टी गेल्या. परत गेलो. पोऱ्याने काही न बोलता उलटून दिला, पुन्हा बॅलन्स केला, पैसे घेतले नाहीत. सॉरीही म्हणाला नाही. दुकानातून गाडी बाहेर काढायच्या आधी चारही चाकांभोवती एक प्रदक्षिणा घाला.

आता अनुभव. ओल्यात फरक जमीन-अस्मानाचा. तोच हेअरपिन, तोच दुसरा गिअर, ऑगस्टमधला भर पाऊस. चाक क्षणभर घसरतं, लगेच पकडतं आणि गाडी वळते. उतारावर ब्रेक मारला की पूर्वी एबीएस (ब्रेकमध्ये चाकं अडकू न देणारी यंत्रणा) किरकिरायचं, आता क्वचित. पोफळीजवळ रस्त्यावर आलेल्या लाल चिखलात मात्र कुठलाच रस्त्याचा टायर काही करू शकत नाही, तिथे पाय उचलायचा. वळणावर ट्रकमधून सांडलेल्या डिझेललाही हेच लागू.

कोरड्यात थोडी निराशा. स्टिअरिंग वळवल्यावर नाक किंचित उशिरा आत येतं, साइडवॉल आधी दबते मग काम सुरू करते. हवा 31 पीएसआय होती ती 33 केल्यावर बरंच सुधारलं, पण ज्यांनी खरे स्पोर्ट टायर चालवलेत त्यांना ही मधली ढिलाई जाणवेल. मला पहिला महिना जाणवली, नंतर सवय झाली. आवाज सुरुवातीला अजिबात नव्हता. पाच हजारांनंतर खडबडीत डांबरावर ऐंशीच्या वर घूं-घूं सुरू झालं. गाणी लावली की ऐकू येत नाही, बाबा शेजारी असले की येतं. मायलेजमध्ये लिटरमागे अर्धा किलोमीटर गेला असेल. टी-जेटवाल्याने मायलेजवर बोलू नये.

नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि एका रात्री समोरून आलेल्या ट्रॅक्टरच्या उजेडात खड्डा दिसलाच नाही. आवाज असा आला की टायर गेला असंच धरून चाललो. उतरून बॅटरी लावून बघितलं, रिमची कड वाकली होती, टायरला ना फुगा ना चीर. ती 113 मिलीमीटरची साइडवॉल तिथे वसूल झाली.

दहा हजारांना रोटेशन (पुढचे टायर मागे, मागचे पुढे) करताना दीडशे रुपयांच्या गेजने नक्षीची खोली मोजली. नवे असताना 7.8 मिलीमीटर होते. पुढचे 6.3, मागचे 7.0. मी 1.6 पर्यंत थांबत नाही, घाटातल्या पाण्यात तीनच्या खाली भरवसा राहत नाही. पुढे-मागे फिरवत राहिलो तर चाळीस हजारांच्या आसपास जातील, म्हणजे साधारण तीन-चार वर्षं. ठरवलं होतं तेवढंच.

एकच गोष्ट चरचरते. मी 28 टक्के जीएसटी भरून टायर घेतले आणि 22 सप्टेंबरपासून तो 18 वर आला. चार टायरमागे अडीच हजारांच्या आसपास फरक. बायकोने ती बातमी मला जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. पण थांबलो असतो तर अख्खा पावसाळा त्या 2117 वर काढावा लागला असता, आणि बाबा काही गाडीत बसले नसते.

स्टेपनीला मात्र अजून 2117 मधलाच एक टायर आहे. जूनच्या पासिंगआधी पाचवा घ्यायचाय. तो अठरा टक्क्यांत येईल.