गाठींची दोरी आणि रील: केव्ह डायव्हिंगच्या सर्व्हेसाठी घेण्याजोगं आहे का?

सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणींचे नकाशे काढण्यात माझी अख्खी नोकरी सरली, त्यामुळे पाण्याखालच्या गुहांचा सर्व्हे शिकायला लागल्यावर सगळ्यात आधी नजर गेली ती मोजमापावर. हे रील त्यासाठीच मागवलं: शंभर मीटर नायलॉनची दोरी, ॲल्युमिनियमची चकरी, दर तीन मीटरला गाठ. कंपनीचं नाव देत नाही, कारण खोट माझ्याच नगात असू शकते.

पाण्याखालच्या गुहेत टेप ओढत बसता येत नाही. दोरी खडकाला एका जागी बांधायची, पुढे दुसऱ्या जागी बांधायची, मधल्या गाठी मोजायच्या. कंपासवर दिशा, गेजवर खोली, आणि सगळे आकडे पाटीवर पेन्सिलने. बाहेर आल्यावर त्यातून नकाशाची एक रेघ निघते. मेक्सिकोतल्या साक आक्तुन आणि दोस ओहोस या गुहा एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे जानेवारी 2018 मध्ये जाहीर झालं. तेव्हा दोन्ही मिळून लांबी भरली सुमारे 347 किलोमीटर! अशा रेघा जोडत जोडतच हे काम उभं राहतं, म्हणून गाठ चुकलेली मला खपत नाही.

नायलॉन भिजलं की त्याची लांबी थोडी बदलते. म्हणून दोरी रात्रभर बादलीत भिजवली आणि सकाळी गच्चीवर स्टीलच्या टेपने मोजली. बरीच अंतरं 2.96 मीटर निघाली. फरक चारच सेंटीमीटरचा, पण शंभर मीटरला तो सव्वा मीटरच्या वर जातो. सगळ्या गाठी सोडून पुन्हा मारल्या. इतवारीतल्या दोरवाल्याने टोक लायटरने वितळवून पक्कं करून दिलं, पैसेही घेतले नाहीत.

बाकी रील झकास आहे. जाड हातमोजे घालूनही ब्रेकचा स्क्रू फिरतो, दोरी चकरीबाहेर उडी मारत नाही. कंपास अगदी चिकटवून पाहिला, सुई जागची हलली नाही. तरणतलावात मास्कवर काळा कागद लावून दोरीच्या आधाराने परत यायचा सराव केला, तेव्हा प्रत्येक गाठ बोटांना स्पष्ट लागत होती. गाळ उठला की गुहेत स्वतःचा हातही दिसत नाही, मग हाच स्पर्श बाहेर आणतो.

पोरांनो, हात जोडून सांगतो, नुसतं रील आहे म्हणून गुहेत शिरू नका. रीतसर केव्हचं प्रशिक्षण घ्या. आत जायला हवेचा एक तृतीयांश, परतायला एक, आणि उरलेला अडचणीसाठी राखायचा, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

पाचपैकी साडेतीन तारे. सोबतची जाळीची पिशवी लहान आहे, ओलं रील तिच्यात मावत नाही. विक्रेत्याकडे गाठी नसलेली दोरीही मिळते; तीच घ्या आणि गाठी घरी मोजून मारा.