जीसीएसई कवितांची तुलना : एक्यूएची मोफत मार्क स्कीम कितपत कामाची?

जीसीएसई ही इंग्लंडमधली साधारण सोळाव्या वर्षी द्यायची शालेय परीक्षा. ती घेणाऱ्या एक्यूए बोर्डाच्या संकेतस्थळावर इंग्रजी साहित्याच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि मार्क स्कीम (परीक्षकांनी गुण कसे द्यावेत, याची मार्गदर्शिका) फुकट मिळतात. मुलाचा तुलनेचा निबंध सुधारायचा असेल, तर विकतच्या गाइडआधी त्याच छापून घ्याव्यात.

दुसऱ्या पेपरच्या ब विभागात, शाळेत अभ्यासलेल्या १५ कवितांच्या गटातली एक कविता छापून येते. तुलनेसाठी दुसरी त्याच गटातल्या उरलेल्या १४ मधून स्वतः निवडायची आणि आठवणीतून लिहायची. एकूण ३० गुण : आकलन व दाखल्यांना १२, कवीच्या भाषेला व रचनेला १२, संदर्भाला ६. पेपर ९६ गुणांचा, वेळ सव्वादोन तास, म्हणजे या प्रश्नाच्या वाट्याला साधारण ४२ मिनिटे येतात.

मार्क स्कीममधल्या सहा पातळ्यांची वर्णने अतिशय मोलाची आहेत. नुसती ‘इथे रूपक, तिथे अनुप्रास’ अशी नोंद करणारे उत्तर खालीच का अडकते, ते ती शेजारी शेजारी ठेवून वाचली की लख्ख कळते. वर चढायला त्या शब्दाने अर्थात काय भर पडली, ते लिहावे लागते.

उणीव मोठी आहे. दोन कविता विणायच्या कशा, हे इथे शिकायला मिळत नाही. संभाव्य मुद्द्यांची यादी आहे, सलग उत्तर नाही. शेलीची ‘ऑझिमँडियस’ (१८१८) आणि ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) घ्या. ‘कमांड’ हा शब्द दोन्हींत आहे. शेलीकडे ती हुकमत राजाच्या पुतळ्याच्या भंगलेल्या दगडी चेहऱ्यावर गोठली आहे. ब्राउनिंगचा ड्यूक स्वतःच्या तोंडाने ‘मी हुकूम सोडले’ म्हणतो आणि पुढच्याच ओळीत त्याच्या पत्नीचे हसू थांबते. शेलीचा राजा प्रवाशाच्या सांगण्यातून, शिलालेखातून, दुरून ऐकू येतो. ड्यूक मात्र दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही. एका शब्दावरून रचनेपर्यंत गेलेला असा परिच्छेद म्हणजे तुलना. पहिली कविता दीड पान, मग दुसरी दीड पान, आणि शेवटी ‘दोन्हींत साम्य आहे’ ही ओळ : सर्वाधिक नुकसान इथेच होते.

महाराष्ट्र बोर्डाच्या रसग्रहणात मुरलेल्या पालकांनी जरा जपावे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये ही विभागणी एका कवितेला शोभते; इथे मुद्दा एक आणि त्याखाली कविता दोन, अशी बांधणी हवी.

संदर्भाच्या ६ गुणांसाठी कवीचे चरित्र लिहू नये. सत्ता, युद्ध, निसर्ग अशा कल्पनेशी जोडलेले अर्धे वाक्य परिच्छेदातच मिसळावे.

क विभागातला ८ गुणांचा अपरिचित कवितांच्या तुलनेचा प्रश्न वेगळा वाचावा. तिथे गुण फक्त कवींच्या पद्धतींच्या तुलनेला आहेत, संदर्भाला शून्य. अकरा मिनिटांत दोन नेमके मुद्दे पुरतात.