शिमग्याला भाड्याची अर्टिगा, नेरूळ ते गुहागर किनाऱ्याने

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी तीन स्टार. नुसत्या गाडीला विचाराल तर साडेचार देईन, पण गाडीबरोबर जे नियमांचं बाड येतं त्याने दीड स्टार खाल्ला. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण बुकिंगच्या आधी नेरूळ, तुर्भे, खारघर असं फिरून चार सेल्फ ड्राइव्हवाल्यांकडे चौकशी केली होती आणि चौघांचे नियम थोड्याफार फरकाने तेच. म्हणजे माझं जे झालं ते तुमचं कुठेही होऊ शकतं.

घरी वॅगनार आहे. पण शिमग्याला आईला माहेरी गुहागरकडे पालखीला जायचं होतंच, वाटेत श्रीवर्धनला आत्या, दापोलीला कॉलेजचा मित्र, म्हटलं ह्या वेळी हायवेने सरळसोट न जाता किनाऱ्याकिनाऱ्याने सगळ्यांना भेटत जाऊ. हे घरच्या ग्रुपवर टाकायची चूक केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून काकांचा फोन, "ताईकडे चाललायस ना, मग मी काय इथे बसून पुरणपोळ्या लाटू?" झालं, माणसं सहा आणि सीटा पाच. म्हणून सात सीटांची अर्टिगा.

भाडं दिवसाला ३,२००, डिपॉझिट ५,०००, दिवसाला ३०० किलोमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे किलोमीटरला १२ रुपये. नाहीतर दिवसाचे ६०० जास्त भरा आणि अनलिमिटेड घ्या. मी शहाणपणा करून अनलिमिटेड घेतलं. पाच दिवसांत गाडी फिरली ६८४ किलोमीटर! म्हणजे ३,००० रुपये सरळ समुद्रात. कोकणात किनाऱ्याने जाताना किलोमीटर संपतच नाहीत हो, तास संपतात. जेट्टीवर थांबा, बैलगाडीमागे थांबा, आत्याकडे "चहा घेतल्याशिवाय कसे जाल"ला थांबा. ही पॅकेजं लोणावळा-महाबळेश्वरवाल्यांसाठी बनवलेली आहेत, नातेवाईकांकडे जाणाऱ्यांसाठी नाही. तुम्ही साधं ३०० वालंच घ्या आणि वाचलेल्या पैशात गाडी अर्धा दिवस जास्त ठेवा, का ते पुढे येईलच.

गाडी दारात आली ती चकाचक. काळी नंबरप्लेट, त्यावर पिवळी अक्षरं, म्हणजे सेल्फ ड्राइव्हसाठी रीतसर नोंदलेली. हे बघून घ्याच, कारण पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी गुपचूप भाड्याने देणारेही भेटले आणि ते ८०० रुपयांनी स्वस्त होते, पण काही ठोकठाक झाली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार की खाजगी गाडी भाड्याने कशी फिरत होती. गाडी आणून देणारा मुलगा एकदम सभ्य, आईंना म्हणाला आजी चढताना हँडल धरा. मी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढला, एकेक स्क्रॅच दाखवून घेतला. डिकीच्या आत मात्र व्हिडिओ काढला नाही. इथे मार खाल्ला.

पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ करत माणगावपर्यंत गेलो आणि तिथून म्हसळ्याकडे आत वळलो. हायवेचं काम २०११ पासून चालू आहे त्यावर मी नवीन काय लिहिणार, पण आत वळल्यावर पांगारा आणि पळस असे पेटले होते की पोरांनी स्वतःहून मोबाईल खाली ठेवले. मागच्या रांगेत पोरंच बसवा, मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. एसी छतातून दुसऱ्या रांगेवर मस्त येतो, मागे थोडा कमी पोचतो, मार्चच्या दुपारी ते जाणवतं.

आत्याची सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ह्याच भागात धडकलं तेव्हा तिची निम्म्याहून जास्त झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झाली होती, नवीन लावलेली आता कुठे डोक्यावर गेलीत. काका त्या वाडीत एकटेच तासभर फिरत बसले, आम्ही कोणी हाक मारली नाही. निघताना आत्याने चाळीस नारळ, एक पोतं भरून सोललेली सुपारी आणि फणसाच्या कुयऱ्या डिकीत घातल्या. आता तिसरी रांग उघडी असताना अर्टिगाची डिकी म्हणजे दोन बॅगा आणि एक उसासा. उरलेले नारळ पायाशी.

तिथून हरिहरेश्वर आणि मग बागमांडल्याची जंगलजेट्टी, म्हणजे गाड्यांसकट खाडी पार करून देणारी बोट. सावित्रीच्या ह्या बाजूला रायगड, त्या बाजूला वेश्वी म्हणजे रत्नागिरी जिल्हा. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती त्यामुळे बोटीची फळी एकदम तिरकी, वरून गाडी नारळांनी दबलेली. खलाशाने सगळ्यांना उतरवलं, मला म्हणाला "रिव्हर्समध्ये घ्या, मी सांगतो तसं, आरशात बघू नका माझ्याकडे बघा". पाच हजारांचं डिपॉझिट डोळ्यांसमोर नाचत होतं. क्रर्र असा एक आवाज आला खालून, काका किनाऱ्यावरून ओरडले "गेलं काहीतरी!" काही गेलं नव्हतं, मडफ्लॅप घासला होता. त्या खलाशाला मात्र पाचपैकी पाच.

वेश्वी सोडून केळशीकडे येताना मागचं डावं चाक पंक्चर. अर्टिगाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, ती खाली सोडायला डिकीतल्या भोकातून दांडा घालून फिरवावा लागतो. म्हणजे आधी डिकी रिकामी करा. भर दुपारी रस्त्याकडेला चाळीस नारळ, सुपारी, कुयऱ्या, आईची पैठणीची पिशवी असा बाजार मांडला आणि मग कळलं की जॅक आहे पण दांडाच नाही! दुकानात फोन केला तर "सर चेकलिस्टवर तुमची सही आहे". सही आहे बाबा, पण मी बंपरचे ओरखडे मोजत होतो, दांडा कोण मोजतं. शेवटी एक टेम्पोवाला थांबला, त्याच्या पान्याने वीस मिनिटांत चाक बदललं. पैसे घेईना म्हणून चार नारळ पुढे केले तर हसायलाच लागला, म्हणाला "साहेब, नारळ? केळशीत?"

हर्णैला संध्याकाळचा लिलाव गाठला. समोर सुवर्णदुर्ग, जो २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेला, पण लिलावात त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ आहे. आईने सुकट, बोंबील आणि सोडे घेतले. मी गयावया केली की आई, गाडी भाड्याची आहे. तिने वर्तमानपत्राचे तीन थर, त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर चिकटपट्टी असं पॅकिंग केलं आणि म्हणाली, "मुंगीलासुद्धा वास येणार नाही." दापोलीत मित्राकडे, तो कृषी विद्यापीठात नोकरीला आहे, गाडी रात्रभर बंद राहिली. सकाळी दार उघडलं. मुंगीचं माहीत नाही, मित्राच्या कुत्र्याने गाडी सोडली नाही.

दाभोळ-धोपावे फेरी सुरळीत. भरती होती, फळी सपाट, सरळ पुढूनच चढवली आणि पाण्यावरच्या त्या काही मिनिटांत चिपळूणवरून पडणारा मोठा वळसा वाचला. गुहागरच्या थोडं पुढे मामाचं गाव. मामाला आधीच सांगितलं होतं गाडी आपली नाही म्हणून, तरी त्याने बॉनेटवर गुलाल वाहिला, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ ओवाळला. "भाड्याची असली म्हणून काय झालं, तुम्हाला सुखरूप आणलंन ना?" दुसऱ्या दिवशी पालखी अंगणात आली, ढोल सुरू झाले, खांद्यावर पालखी नाचवणाऱ्यांत काका कधी घुसले कळलंच नाही, साठी उलटलेला माणूस, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, केसांपासून मोज्यांपर्यंत गुलाल. आणि तसेच येऊन दुसऱ्या रांगेत बसले. सीट कव्हर कुठल्या रंगाचं होतं? बेज.

परतीला चिपळूण, परशुराम घाट, मग कशेडीचा बोगदा. तो जुना वळणावळणाचा घाट आता काही मिनिटांत मागे पडतो, आईला पहिल्यांदाच त्या पट्ट्यात उलटीची गोळी घ्यावी लागली नाही. तिथे वाचलेला वेळ माणगावने व्याजासकट वसूल केला, शिमग्याची सगळी मुंबई एकाच बाजारपेठेतून परत चाललेली. गाडी रात्री आठला द्यायची होती, नेरूळला पोचलो अकरा वीसला. लोणेऱ्यालाच फोन करून सांगितलं होतं, पण लेट फी तासाला ४०० आणि वरची वीस मिनिटं म्हणजे पूर्ण तास, असे १,६००. हे मला खरंच खटकलं. सणाच्या दिवशी कोकणातून येणारा माणूस वेळेवर कसा येईल हे नवी मुंबईत धंदा करणाऱ्याला माहीत नसेल का? म्हणून म्हटलं अर्धा दिवस जास्त घ्या, त्यांना गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी द्या आणि माणगावला शांतपणे वडापाव खा.

गाडी घ्यायला तोच सभ्य मुलगा आला. टॉर्च मारून बाहेरून बघितलं, एकही नवीन ओरखडा नाही. मग दुसऱ्या रांगेचं दार उघडलं, सीटवर काकांचा अख्खा आकार गुलालात उमटलेला. क्लीनिंगचे १,०००, ते मी निमूट मान्य केले, माझंच चुकलं, जुनी चादर टाकायला काय झालं होतं. मग त्याने डिकी उघडली आणि एक पाऊल मागे सरकला. सामान तर आम्ही आधीच वर नेलं होतं. तो परत पुढे झाला, नाक आत घालून जरा वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सोडे होते का सर? हर्णैचे?" मी म्हटलं हो, तुला कसं कळलं. म्हणाला, "गाव दाभोळ." आणि फॉर्मवर वासाचे ५०० लिहिले.

दांड्याचा विषय काढला तर तो म्हणाला सर कंप्लेंट ईमेल करा. केला, उत्तर नाही. तीन स्टार त्यासाठीच, नाहीतर गाडीचं इंजिन, ब्रेक, एसी, कशालाच नाव ठेवायला जागा नाही आणि सहा माणसं आणि चाळीस नारळ घेऊनही गाडी चढणीला कुठे दमली नाही. डिपॉझिटमधले उरलेले १,९०० सात दिवसांत येणार होते, आज अकरावा दिवस. काकांचा काल फोन होता, मे महिन्यात ताईकडे आंब्याला जाऊ, परत हीच गाडी बघ म्हणाले.